चेहऱ्यावरून भिंतीवर: अभिव्यक्तिवाद आणि आपण

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर आजचा विषय ‘अभिव्यक्तिवाद: चित्र, नाटक, चित्रपट आणि संगीत’ असा छापलेला आहे. नाव भारदस्त आहे. त्यामुळे दोन तासांचा इतिहास ऐकावा लागेल अशी तयारी करून कुणी आलं असेल, तर ती सोडून द्यावी. इतिहास लागेल तेवढाच घेऊ. आम्हाला आज एकच प्रश्न तुमच्यासमोर ठेवायचा आहे. माणसाच्या आत जे चाललेलं असतं ते कलेत दिसतं कुठे? त्याच्या चेहऱ्यावर, की त्याच्या भोवतालच्या भिंतीवर? आणि पुढचा, जरा अडचणीचा भाग असा: आपण कुणाकुणाचं ‘आत’ असं भिंतीवर दाखवलं, आणि कुणाचं दाखवलंच नाही?

आधी शब्द सोडवून घेऊ. समजा, सकाळी गोदाघाटावर एक चित्रकार बसलाय. पाण्यावर ऊन पडलंय, पायऱ्या ओल्या आहेत, देवळाची सावली पाण्यात हलते आहे. त्या क्षणी डोळ्याला जो उजेड जाणवला तो त्याने कागदावर धरला, की आपण दृक्प्रत्ययवादाच्या जवळ गेलो. बाहेरचं जग आत येतंय. आता त्याच घाटावर दुसरा एक माणूस उभा आहे. नुकताच तो कुणाचं तरी दहावं उरकून आलाय. त्याला त्या पायऱ्या कशा दिसतील? कदाचित संपतच नाहीत अशा. पाणी काळं दिसेल. देऊळ अंगावर झुकल्यासारखं वाटेल. घाट तोच, ऊन तेच. पण त्याच्या आतलं बाहेर येऊन घाटावर पसरलंय. हा घाट जो काढेल तो अभिव्यक्तिवादी. म्हणजे प्रवासाची दिशा उलटी झाली, एवढंच लक्षात ठेवा.

एडवर्ड मुंक या नॉर्वेच्या चित्रकाराचं 1893 सालचं ‘किंकाळी’ हे चित्र तुम्ही पाहिलेलंच आहे. निदान मोबाइलवरच्या त्या गालावर हात ठेवलेल्या चिन्हामुळे तरी. पण त्या चित्रात चेहऱ्यापेक्षा आकाश पाहा. लाल, वळ्या पडलेलं. चेहऱ्याची जी वळणं आहेत तीच आकाशाला आणि पाण्याला आहेत. चेहरा बोटाने झाकला तरी किंकाळी ऐकू येत राहते. हा सगळ्या चळवळीचा गाभा आहे.

पुढे 1905 मध्ये ड्रेस्डेन शहरात वास्तुशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी ‘पूल’ नावाचा गट काढला. 1911 मध्ये म्युनिकला कांडिन्स्की आणि फ्रान्झ मार्क यांचा ‘निळा घोडेस्वार’ गट उभा राहिला. चित्रं, संगीत आणि नाटक इथे एकमेकांत किती मिसळलेली होती ते बघा. जानेवारी 1911 मध्ये कांडिन्स्कीने शोनबर्ग या संगीतकाराची मैफल ऐकली आणि लगेच त्या मैफलीचं चित्र रंगवलं. शोनबर्ग स्वतः चित्रं काढायचा. त्याच वर्षी त्याची चित्रं या गटाच्या प्रदर्शनात लागली. कोकोश्का हा चित्रकार नाटकं लिहायचा. गेओर्ग कायझरच्या ‘सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत’ या नाटकात बँकेचा एक रोखपाल पैसे घेऊन पळतो, आणि त्याला नावही नाही. नुसता ‘रोखपाल’. कारण नाव असलेला एक माणूस दाखवायचा नव्हता. पिंजऱ्यात सापडलेल्या माणसाचं मन दाखवायचं होतं.

आता नाशिकला येऊ.

1919 साल. नाशिकमधून काम करणारी हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी, आणि दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’. या चित्रपटाचा जो भाग आज शिल्लक आहे, त्याच्या सुरुवातीला एक विलक्षण गोष्ट आहे. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर येते आणि एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. मग तीच कृष्ण होते. गोष्ट सुरू होण्याआधी फाळके प्रेक्षकाला जणू सांगताहेत की बाबा, या चेहऱ्याकडे बघ, सगळं इथे घडणार आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस बर्लिनजवळच्या स्टुडिओत ‘डॉ. कालिगारीची पेटी’ या चित्रपटाचं काम चाललेलं होतं. फेब्रुवारी 1920 मध्ये तो झळकला. त्यात घरं वाकडी आहेत, खिडक्या तिरप्या आहेत, रस्ते सुरीच्या पात्यासारखे निमुळते आहेत. सावल्यासुद्धा रंगाने भिंतीवर काढलेल्या आहेत. नट काहीही करोत, भीती भिंतीत आहे.

फाळके आणि कालिगारी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. नाशिकला बर्लिनची खबर नव्हती, बर्लिनला नाशिकची नव्हती. पण दोन्ही शेजारी ठेवले की आपल्या परंपरेचा स्वभाव कळतो. आपल्याकडे भाव म्हणजे अभिनय. तो नटाच्या डोळ्यांत, भुवईत, हाताच्या बोटांत. रसाचा सगळा विचार त्या शरीराभोवती उभा आहे. मागचा पडदा हा मागचाच. आणि रंगवलेल्या पडद्याचं आपल्याला अप्रूप नव्हतं बरं का. संगीत नाटकाच्या वैभवाच्या काळात राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा हे सगळं रंगवलेलंच असायचं. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी रंगवलेल्या पडद्यांची कीर्ती होती. पण तो पडदा ‘हा रस्ता आहे’ असं सांगायचा. रस्त्यावरून चाललेल्या माणसाला तो कसा दिसतोय, हे सांगणं त्याचं काम नव्हतं. नायिका विरहात असो की लग्नघाईत, उपवनाचा पडदा तोच.

म्हणून अभिव्यक्तिवाद आपल्याकडे येणं म्हणजे नेमकं काय होणं होतं? भाव चेहऱ्यावरून उतरून भिंतीवर जाणं. आता तो कसा गेला ते पाहू.

कोलकात्याला तो प्रदर्शनाच्या रूपाने आला. 1922 च्या डिसेंबरात कांडिन्स्की, क्ले वगैरे बाउहाउसच्या मंडळींची चित्रं तिथे लागली होती. आपल्याकडे तो असा आमंत्रण देऊन आला नाही. तो कारखान्यातून आला, आणि नंतर निर्वासित होऊन आला.

कारखान्यातून म्हणजे असं. ‘प्रभात’चा ‘सैरंध्री’ हा रंगीत चित्रपट 1933 चा. त्याच्या रंगीत प्रती काढण्यासाठी व्ही. शांताराम जर्मनीला गेले. रंग काही मनासारखे उतरले नाहीत. पण तिथले स्टुडिओ, तिथली भिंगं आणि प्रकाशयोजना त्यांनी पाहिली. रंग फसले, नजर मिळाली. परत आल्यावर 1934 मध्ये पुण्याच्या नव्या स्टुडिओत ‘अमृतमंथन’ झाला. बळी देणाऱ्या पंथाचा राजगुरू, अंधारलेलं देऊळ, मशालींच्या सावल्या. आणि पडदाभर भरून राहिलेला राजगुरूचा एक डोळा! मराठी आवृत्तीत हा राजगुरू केशवराव दाते यांनी केला, हिंदीत चंद्रमोहन यांनी. चंद्रमोहनांच्या त्या डोळ्यांची चर्चा पुढे कितीतरी वर्षं होत राहिली.

यावरून शांतारामांनी सगळं जर्मनीतून उचललं असं म्हणायचा मोह होतो. आम्हाला ते पटत नाही. शांताराम हे बाबूराव पेंटरांच्या तालमीत तयार झालेले. पेंटरांच्या 1925 च्या ‘सावकारी पाश’ मध्ये शांतारामांनीच तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं. त्या मूकपटातली अंधुक प्रकाशातली झोपडी आणि तिच्यासमोर रडणारं कुत्रं पाहणाऱ्यांच्या कायमचं लक्षात राहिलं. झोपडी बोलू शकते हे कोल्हापूरला ठाऊक होतं. जर्मनीने त्याला तंत्र दिलं आणि धीर दिला.

तरीही ‘अमृतमंथन’मधला तो डोळा अजून डोळाच आहे. म्हणजे चेहराच, फक्त प्रचंड मोठा केलेला. आपण भिंतीपर्यंत अजून पोचलो नाही. तिथे पोचलो ते 1937 मध्ये, ‘कुंकू’त.

‘कुंकू’ची गोष्ट इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको, पण तरुण मंडळींसाठी दोन वाक्यांत सांगतो. नीरा या तरुण मुलीचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी, काकासाहेब वकिलांशी, लावून दिलं जातं. ती भांडत नाही, पळत नाही. ती या नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून हा चित्रपट झाला. नीरा म्हणजे शांता आपटे, काकासाहेब म्हणजे केशवराव दाते.

या घरात भिंतीवर एक जुनं घड्याळ आहे. ते घड्याळ म्हणजे काकासाहेबच. त्याची टिकटिक, त्याचं अडखळणं. आणि आरसा आहे. म्हातारा तरुण दिसायची धडपड करतो, तेव्हा आरसा त्याला सोडत नाही. फुटलेल्या काचेच्या तुकड्यातुकड्यांतून त्याचाच चेहरा त्याच्याकडे बघतो. विचार करा, चेहरा हा आपल्या अभिनयपरंपरेचा राजा. इथे त्याचेच तुकडे झाले आणि ते वस्तूत जाऊन बसले. मंदाकिनीच्या त्या अखंड, प्रसन्न, भाव बदलत जाणाऱ्या चेहऱ्यापासून आपण अठरा वर्षांत इथवर आलो.

आणि आवाज! ‘कुंकू’त गाणी आहेत, अगदी लाँगफेलोची एक इंग्रजी कवितासुद्धा शांता आपटेंनी गायली आहे. पण प्रसंगांच्या मागे वाजणारं पार्श्वसंगीत नाही. त्या जागी घरातले आणि रस्त्यावरचे खरे आवाज आहेत.

इथे संगीताबद्दल थोडं बोलायला हवं, कारण चारही कलांत हा भाग आपल्याला सगळ्यांत परका वाटतो. शोनबर्गने 1908-09 च्या सुमारास जे केलं ते आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने तानपुरा बंद केला. आपलं सगळं गाणं षड्जावर उभं आहे. किती का दूर जा, समेवर या न या, पण कानामागे सा चालू असतो आणि ‘घर इथे आहे’ असं सांगत असतो. पाश्चात्त्य संगीतातही त्यांच्या पद्धतीचं असं घर होतं. शोनबर्गने ते काढून घेतलं. 1909 मधली त्याची ‘प्रतीक्षा’ ही एकपात्री संगीतिका घ्या. एक बाई रात्री अरण्यात आपल्या प्रियकराला शोधते आहे. अर्धा तास ती एकटीच गाते. त्या अर्ध्या तासात स्वरांना टेकायला जागा नाही, कारण तिलाही नाही.

आपल्याकडे हे घडलं का? रागसंगीतात नाही, आणि घडायला हवं होतं असा हट्टही आम्ही धरणार नाही. सा सोडला तर राग उरत नाही. पण ‘कुंकू’ने, कळत असो वा नकळत, वेगळी वाट काढली. संगीतकार केशवराव भोळे यांच्यासारखा जाणकार हाताशी असताना प्रसंगाच्या मागचं संगीत काढून घेतलं आणि घड्याळ ठेवलं. सा काढता येत नव्हता, म्हणून वाद्यच थांबवलं. आम्हाला हा त्या काळातला फार मोठा सांगीतिक निर्णय वाटतो.

अजून एक योगायोग सांगून ठेवतो. ‘कुंकू’ आला त्याच 1937 च्या जुलैत, म्युनिकमध्ये नाझी सरकारने ‘अधःपतित कला’ नावाचं प्रदर्शन भरवलं. ज्यांची नावं आपण मघाशी घेतली त्यांच्यातल्या काहींसह अनेक कलावंतांची सहाशेहून अधिक कामं लोकांनी हसावं म्हणून टांगली. ज्या देशात ही दृष्टी तयार झाली तिथे तिची धिंड निघत होती, आणि पुण्यात एका वकिलाच्या घरातलं घड्याळ तीच दृष्टी चालवत होतं.

त्या धिंडीमुळेच दुसरी वाट उघडली. काही माणसं मुंबईला आली. रुडॉल्फ फॉन लायडन 1933 मध्ये आले आणि पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासमीक्षा लिहू लागले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर 1938 मध्ये आले आणि त्याच वृत्तपत्रात कलासंचालक झाले. एमॅन्युएल श्लेसिंगर हे संग्राहक. या तिघांच्या घरी मुंबईचे तरुण चित्रकार जायचे, चित्रांच्या छापील प्रती बघायचे, वाद घालायचे. संगीतातही असाच एक माणूस आला. वॉल्टर काउफमन. बर्लिनमध्ये शिकलेला, 1934 मध्ये मुंबईत पोचलेला. आकाशवाणी सुरू होताना सकाळी जी धून लागायची, जिच्यावर आपल्यातल्या अनेकांच्या घरचा चहा उकळला, ती धून त्याच्या नावे सांगितली जाते. ऐकून बघा आता. कसलीही किंकाळी नाही. खाली तंबोरा आहे, वर व्हायोलिन आहे. ज्या संगीतात सा हरवला तिथून आलेल्या माणसाला इथे सा सापडला, असं म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र नीट सांगितली पाहिजे. मुंबईत आलेला प्रत्येक जर्मन निर्वासित नव्हता. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये ‘अछूत कन्या’ करणारे फ्रान्झ ऑस्टेन हे नाझी पक्षाचे सभासद झालेले होते. त्यांचे कॅमेरामन जोसेफ विर्शिंग युद्धात नजरकैदेत गेले, मग इथेच राहिले आणि 1949 मध्ये त्यांनी ‘महल’ चित्रित केला. त्यातल्या सावल्या आजही अंगावर येतात. तंत्राला विचारसरणी नसते. सावली कुणीही पाडू शकतो. म्हणून सावली दिसली की अभिव्यक्तिवाद आला असं म्हणून चालत नाही.

चित्रकलेत 1947 मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला. त्यांतल्या फ्रान्सिस न्यूटन सूझांवर आपल्या विषयाचा सगळ्यांत थेट हक्क आहे. जन्म 1924 चा, गोव्यातल्या साळगावचा. जे. जे. स्कूलमधून काढून टाकलेला विद्यार्थी. 1949 मध्ये ते लंडनला गेले. 1959 मधलं त्यांचं क्रुसावरच्या ख्रिस्ताचं चित्र पाहा. काळ्या, खिळ्यांसारख्या रेषा. हा ख्रिस्त करुणेने बघत नाही, दात दिसतात त्याचे. गोव्यातल्या चर्चमध्ये लहानपणी पाहिलेली ती मूर्ती एका भ्यायलेल्या मुलाला जशी दिसली असेल, तशी ती आहे.

आपल्या नाशिककरांना सूझा पचायला जड जातात, हे आम्ही अनेकदा पाहिलंय. त्याचं कारणही आहे. आपली नजर जलरंगावर पोसली. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी हा घाट, ही देवळं, हे वाडे पारदर्शक रंगांत असे उभे केले की आपल्याला वाटतं, चित्र म्हणजे हे. ते श्रेष्ठ कामच आहे. पण त्यामुळे जे चित्र उजेड देत नाही ते ‘भेसूर’ म्हणून बाजूला सारायची सवय लागते. भेसूर हा शब्द आपण दोष म्हणून वापरतो. सूझांच्या चित्राबद्दल ते साधं वर्णन आहे.

आता नाटक. आणि पुन्हा नाशिक.

1957. आपल्या एच.पी.टी. कॉलेजात इंग्रजी शिकवणारे वसंत कानेटकर ‘वेड्याचं घर उन्हात’ हे नाटक लिहितात. पुण्याची पी.डी.ए. ही संस्था ते करते. दिग्दर्शक भालबा केळकर, आणि दादासाहेबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. घरातल्या कर्त्या पुरुषाचं मन ढासळतं, आणि त्याच्याबरोबर घर. या नाटकाला कुणी अभिव्यक्तिवादी म्हणतं, कुणी मनोविश्लेषणात्मक म्हणतं. त्या वादात आम्ही पडत नाही. आम्हाला ते शीर्षक महत्त्वाचं वाटतं. त्यात वेड आहे, घर आहे आणि ऊन आहे. जर्मन पडद्यावर वेड अंधारात राहतं, रात्रीच्या गल्लीत, जत्रेच्या तंबूत. आपल्याकडे ते घरात राहतं, आणि भर उन्हात. सगळ्यांना दिसतं. शेजाऱ्यांना दिसतं, पाहुण्यांना दिसतं, आणि तरी जेवणाची पानं वेळेवर मांडली जातात. मराठी माणसाला भीती वाटते ती अनोळखी रस्त्याची नव्हे. त्याला भीती वाटते ती आपल्याच माजघराची. ‘कुंकू’चं घर आणि कानेटकरांचं घर एकाच आळीतली आहेत.

कानेटकर पुढे या वाटेवर फार राहिले नाहीत. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकांनी त्यांना मोठा प्रेक्षक दिला, आणि मराठी रंगभूमीला नटांसाठी मोठ्या भूमिका दिल्या. पण लक्षात घ्या, भाव पुन्हा चेहऱ्यावर परतला. भूमिका मोठ्या झाल्या, भिंती पुन्हा गप्प झाल्या.

दहा वर्षांनी, 1967 च्या डिसेंबरात, ‘रंगायन’ने तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केलं. अगदी वास्तववादी खोली, ओळखीची माणसं, खेळाचा खटला. आणि शेवटी लीला बेणारे बोलायला उभी राहते तेव्हा प्रकाश बदलतो आणि बाकी सगळे आहेत तिथे गोठतात. ती बोलते, बोलत राहते, सुलभा देशपांडे यांच्या आवाजात ते सगळं आयुष्य बाहेर येतं. मग पुन्हा पहिला उजेड. कोर्ट जणू काही ऐकलंच नाही असं शिक्षा सुनावून मोकळं होतं.

शोनबर्गच्या अरण्यातली ती बाई आठवा. तिच्याभोवती अरण्य होतं. बेणारेच्या भोवतीही अरण्य आहे, फक्त ते खुर्च्यांवर बसलंय.

आणि इथे आम्ही आमच्या अडचणीच्या प्रश्नाशी येतो.

‘कुंकू’ पुन्हा आठवा. आरसा कुणाचा? काकासाहेबांचा. घड्याळ कुणाचं? काकासाहेबांचं. त्यांच्या मनातली लाज, भीती, वाढतं वय हे सगळं त्या घरातल्या वस्तूंना फुटलंय. नीरेचं काय? नीरा सरळ दिसते. ती ठाम आहे, स्पष्ट बोलते, गाते. ती चित्रपटाची नैतिक बाजू आहे. पण रात्री त्या परक्या खोलीत तिला ती भिंत कशी दिसली असेल, हे चित्रपट आपल्याला तितकंसं दाखवत नाही. ज्याने अन्याय केला त्याला अंतरंग मिळालं. जिच्यावर झाला तिला धैर्य मिळालं. धैर्य मोठी गोष्ट आहे, पण ती अंतरंगाची जागा घेऊ शकत नाही. ‘वेड्याचं घर उन्हात’मध्येही केंद्रस्थानी घरचा कर्ता पुरुषच. 1967 मध्ये बेणारेला तो प्रकाश मिळाला. पण तिचं बोलणं कोर्टातलं कुणीच ऐकत नाही. तेंडुलकरांनी ते मुद्दाम तसं केलं, आणि म्हणूनच ते खरं वाटतं. रंगभूमीने तिला अंतरंग दिलं, आणि त्याच क्षणी समाज ते ऐकत नाही हेही दाखवलं.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे, श्रोतेहो. अभिव्यक्तिवाद ही शैली म्हणून बघू नका. तो एक हक्क आहे. जग कुणाच्या नजरेने वाकलेलं दाखवायचं, हे ठरवणं म्हणजे कुणाला मन आहे हे मान्य करणं.

हे जुन्या कलाकृतींचं कौतुक म्हणून बोलत नाही. आज कालिदास कलामंदिरात, सायखेडकर नाट्यगृहात तरुण मुलं एकांकिका करतात. राज्य नाट्य स्पर्धेला उतरतात. जीव ओतून करतात. त्यांत लाल दिवा हमखास असतो. धूर असतो. समूह असतो, तो गोल फिरतो आणि एकसुरात ओरडतो. परीक्षकांच्या शेऱ्यात ‘अभिव्यक्तिवादी शैलीचा प्रभावी वापर’ असं लिहून येतं. घरी टीव्ही लावला तर मालिकेत एक वाक्य बोललं की तीनदा ढोल वाजतो आणि चेहरा तीन बाजूंनी जवळ येतो. ही सगळी तंत्रं त्याच घराण्यातली आहेत. मग आपल्या अंगावर काटा का येत नाही?

कारण तो लाल रंग कुणालाच दिसत नसतो. तो आपल्याला दाखवला जातो. उदाहरण घ्या. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरच्या एकांकिका आपण किती पाहिल्या! दोर, लाल उजेड, कोरसचा आक्रोश. तो आक्रोश आपला आहे, प्रेक्षागृहातल्या माणसांचा. आपली दया आपण त्याच्या अंगावर पांघरतो आणि तिला त्याचं मन म्हणतो. निफाडच्या किंवा चांदवडच्या एखाद्या घरात, कांद्याचा भाव कळल्याच्या रात्री, त्या माणसाला प्रत्यक्षात काय मोठं दिसत असेल? दोर नसेल दिसत. कदाचित खुंटीला अडकवलेली सोसायटीची नोटीस दिसत असेल, एवढ्याशा कागदाची भिंतीएवढी झालेली. कदाचित मुलीच्या दप्तराचा तुटलेला बंद दिसत असेल. कदाचित चाळीतल्या कांद्याचा वास आवाजासारखा ऐकू येत असेल. हे शोधायला त्याच्या घरी जाऊन बसावं लागेल. लाल दिवा भाड्याने मिळतो, ही नजर मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नाटकात उजेड बदलला, पडद्यावर सावली लांबली, चित्रात रेष वाकली, तर लगेच टाळी देऊ नका आणि लगेच ‘भडक’ म्हणून नाकही मुरडू नका. मनात एकच विचारा: हे कुणाला असं दिसतंय? उत्तरात एक माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला, तर ते काम खरं. कुणीच उभा राहिला नाही, तर ती सजावट. शांतारामांनाही हीच कसोटी लावा. ‘कुंकू’तला आरसा काकासाहेबांना दिसतो. 1959 च्या ‘नवरंग’मधली रंगांची उधळण मात्र मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी आहे. दिग्दर्शक तोच. हात तेव्हाही सराईत होता, आणि नंतर तर जास्तच.

फाळक्यांनी याच गावात एका लहान मुलीचा चेहरा आपल्याला दाखवला आणि त्यावर सगळे भाव उमटू दिले. ती आपली श्रीमंती आहे, ती सोडायची नाही. पण ज्यांना चेहऱ्यावर काहीच आणायची मुभा नसते अशी माणसं आपल्या घराघरांत आहेत. सुना आहेत, थकलेले बाप आहेत, कर्जात बुडालेले भाऊ आहेत. ते हसत पाहुण्यांना चहा देतात. त्यांच्यासाठी भिंतीला बोलावं लागतं.

आता प्रश्न विचारा. सूझांबद्दल तक्रार असेल तर ती आधी.